कॅश केलेला कंपोनंट, बदलते आर्ग्युमेंट्स आणि एक विसरलेला 'व्हार'

एका शिक्षणसंस्थेच्या ऑनलाइन फी पोर्टलचं काम माझ्याकडे होतं. एक दिवस दुपारी तिथल्या अकाउंट्स विभागातून फोन आला. "सर, एका मुलीच्या पावतीवर दुसऱ्याच मुलाचं नाव छापून आलंय." बहुतेक प्रोग्रामर जे म्हणतात तेच मी म्हणालो, "ब्राउझरची कॅश क्लिअर करून परत बघायला सांगा." परत बघितल्यावर पावती बरोबर आली. माझ्यापुरता विषय संपला.

आठवड्याभराने पुन्हा फोन. या वेळी मुलीचे वडील छापील पावती घेऊन ऑफिसात येऊन बसले होते. पावतीवरची रक्कम त्यांच्या मुलीची, पण नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर एका अनोळखी मुलाचा. त्यांचा प्रश्न साधा होता. "या मुलाचा नंबर माझ्याकडे आलाय. मग माझ्या मुलीचा नंबर कोणाकडे गेलाय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चूक कॅशशी संबंधित होती हे खरं, पण ती ब्राउझरमध्ये नव्हती. ती सर्व्हरवर मी स्वतः कॅश केलेल्या एका कंपोनंटमध्ये होती. आजच्या लेखात आपण तीच गोष्ट नीट समजून घेऊया: कंपोनंट कॅश का करतात, त्याच्या मेथडला दर वेळी वेगळे आर्ग्युमेंट्स देऊन कसं बोलवायचं, आणि हे करताना एकाचा डेटा दुसऱ्याच्या स्क्रीनवर कसा जातो.

आधी थोडी ओळख

हे पोर्टल कोल्डफ्यूजनमध्ये लिहिलेलं होतं. नव्या मुलांनी हे नाव कदाचित ऐकलं नसेल. अलेअर कंपनीने 1995 मध्ये ते बाजारात आणलं. 2001 मध्ये अलेअर मॅक्रोमीडियाने घेतली आणि 2005 मध्ये मॅक्रोमीडिया ॲडोबीकडे गेली. 2015 पासून ल्युसी नावाचं मुक्त-स्रोत इंजिनही आहे, त्यावर हीच भाषा चालते. कोल्डफ्यूजन जुनं वाटत असलं तरी अनेक ठिकाणी आजही चालू आहे, आणि दुसऱ्यांनी लिहिलेला असा कोड सांभाळणं हे आपल्याकडच्या पुष्कळ प्रोग्रामर मंडळींचं रोजचं काम आहे. तुम्ही जावा, पीएचपी किंवा नोड वापरत असाल तरी लेख सोडू नका, शेवटी तुमच्याकडेही येणार आहे.

2002 च्या कोल्डफ्यूजन एमएक्स या आवृत्तीत 'कंपोनंट' आले. कंपोनंट म्हणजे एका फाइलमध्ये एकत्र ठेवलेल्या मेथड्स आणि त्यांचा डेटा. जावातला क्लास आठवा, साधारण तसंच.

एक सूचना: टॅग आणि व्हेरिएबलची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. एडिटरमध्ये ती अर्थातच इंग्रजीत लिहायची.

कंपोनंट कॅश का करायचा?

कंपोनंटचा ऑब्जेक्ट तयार करायला वेळ लागतो. फाइल शोधायची, तिच्यातल्या सगळ्या मेथड्स जोडायच्या, सुरुवातीच्या सेटिंग्ज वाचायच्या. प्रत्येक पानाच्या प्रत्येक रिक्वेस्टला हे करत बसलो तर सर्व्हरची ताकद त्यातच जाते. म्हणून ॲप्लिकेशन सुरू होतानाच ऑब्जेक्ट एकदा बनवून 'ॲप्लिकेशन स्कोप'मध्ये ठेवायचा. ॲप्लिकेशन स्कोप म्हणजे सर्व्हरच्या मेमरीतली सगळ्या युजर्ससाठी मिळून असलेली एक जागा.

पिठाच्या गिरणीचं उदाहरण घ्या. प्रत्येक घरात गिरणी नसते. गल्लीत एक असते, आपण आपला डबा घेऊन जातो. डब्यात धान्य, सोबत सूचना: "गहू, बारीक दळा." गिरणी सगळ्यांची, डबा आपला. कॅश केलेला कंपोनंट म्हणजे गिरणी आणि आर्ग्युमेंट्स म्हणजे डबा. आणि जो गिरणीत जातो त्याला हेही माहीत असतं की आधीच्या माणसाने बाजरी दळली असेल तर आपल्या गव्हात थोडी बाजरी येतेच. माझ्या पावतीचं नेमकं हेच झालं होतं. पण क्रमाने जाऊ.

पहिली अडचण: # हे चिन्ह

कोल्डफ्यूजनमध्ये मेथड बोलवायला 'सीएफइन्व्होक' हा टॅग आहे. त्याच्या 'कंपोनंट' या ॲट्रिब्यूटमध्ये दोन प्रकारच्या गोष्टी चालतात, आणि इथेच बरेच जण अडकतात.

कंपोनंट="पावतीसेवा" असं लिहिलं तर कोल्डफ्यूजन त्या नावाची फाइल शोधतं आणि दर वेळी नवीन ऑब्जेक्ट बनवतं. म्हणजे कॅश केलेला ऑब्जेक्ट बाजूलाच राहिला. गंमत म्हणजे कोड चालतो, उत्तर बरोबर येतं, फक्त कॅशचा फायदा शून्य.

कंपोनंट="ॲप्लिकेशन.पावतीसेवा" असं लिहिलं तरी तो मजकूरच. कोल्डफ्यूजन 'ॲप्लिकेशन' फोल्डरमधली 'पावतीसेवा' फाइल शोधतं आणि सापडली नाही म्हणून एरर देतं.

कंपोनंट="#ॲप्लिकेशन.पावतीसेवा#" हे बरोबर. # चिन्हांमुळे नावाऐवजी प्रत्यक्ष ऑब्जेक्ट दिला जातो आणि मेथड त्या कॅश केलेल्या ऑब्जेक्टवरच चालते.

दुसरी अडचण: आर्ग्युमेंट्स आधी माहीत नसतील तर?

साधी केस सोपी आहे. मेथडला विद्यार्थी क्रमांक हवा, तो दिला, झालं. पण शोधाचा फॉर्म घ्या. कोणी फक्त नाव भरतो, कोणी नाव आणि वर्ग, कोणी फक्त तारीख. प्रत्येक जोडीसाठी वेगळा कॉल लिहायचा म्हटलं तर 'इफ-एल्स'चं जंगल तयार होतं.

इथे 'आर्ग्युमेंटकलेक्शन' कामाला येतं. एक रिकामं स्ट्रक्चर बनवायचं. ज्या गोष्टी मिळाल्या त्या त्यांच्या नावासह त्यात टाकायच्या. मग मेथडला आर्ग्युमेंटकलेक्शन म्हणून ते अख्खं स्ट्रक्चर द्यायचं. आत जाताना स्ट्रक्चरमधली प्रत्येक किल्ली त्या नावाचं आर्ग्युमेंट बनते. क्रम लक्षात ठेवायची गरज नाही, नाव जुळलं की झालं. मेथडच्या आत, जे आर्ग्युमेंट ऐच्छिक आहे ते आलंय का हे तपासूनच वापरायचं किंवा त्याला डिफॉल्ट किंमत द्यायची.

सोय मोठी आहे, म्हणून मोहही मोठा. बरेच जण युजरने पाठवलेला अख्खा फॉर्म स्कोपच आर्ग्युमेंटकलेक्शन म्हणून देऊन टाकतात. एका ओळीत काम! पण समजा त्या मेथडमध्ये 'विलंबशुल्कमाफ' नावाचं ऐच्छिक आर्ग्युमेंट आहे, डिफॉल्ट 'नाही'. ते फक्त ऑफिसातल्या लोकांच्या पानावरून 'हो' होतं. आता एखाद्या चलाख मुलाने ब्राउझरमधून फॉर्ममध्ये त्या नावाचं एक फील्ड वाढवून पाठवलं, तर तेही मुकाट्याने आत जाईल. म्हणून परवानगी असलेल्या नावांची यादी ठेवा आणि फक्त तीच नावं उचलून स्ट्रक्चर बनवा. चार ओळी जास्त लागतील, लागू द्या.

तिसरी अडचण: मेथडचं नावही बदलतं असेल तर?

कधी कधी कोणती मेथड चालवायची हेही युजरच्या क्लिकवर ठरतं: पावती, थकबाकी, परतावा. जुन्या कोडमध्ये यासाठी 'इव्हॅल्युएट' वापरलेलं दिसतं, म्हणजे मेथडच्या नावाचा मजकूर जोडायचा आणि तो कोड म्हणून चालवायचा. बाहेरून आलेला मजकूर कोड म्हणून चालवणं म्हणजे घराची किल्ली दाराला लावून ठेवणं. हे टाळाच.

दुसरी पळवाट म्हणजे मेथड ऑब्जेक्टमधून काढून एका व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि मग त्या व्हेरिएबललाच फंक्शनसारखं बोलवायचं. हे चालल्यासारखं वाटतं, पण असं बाहेर काढलेलं फंक्शन आपलं घर विसरतं. ते बोलवणाऱ्या पानाच्या व्हेरिएबल्समध्ये चालतं, कंपोनंटच्या नाही. मग आतली सेटिंग सापडत नाही आणि विचित्र एरर येतात. जावास्क्रिप्टमध्ये 'धिस' हरवतो, त्याचाच हा भाऊ.

सरळ रस्ता म्हणजे सीएफइन्व्होकच्या 'मेथड' ॲट्रिब्यूटमध्ये व्हेरिएबल द्यायचं. 2012 च्या कोल्डफ्यूजन 10 पासून 'इन्व्होक' नावाचं फंक्शनही आहे. त्याला ऑब्जेक्ट, मेथडचं नाव आणि आर्ग्युमेंट्सचं स्ट्रक्चर, अशा तीन गोष्टी दिल्या की काम होतं. मात्र यादीचा नियम इथेही लागू आहे. 'पावती' हा शब्द आला तर अमुक मेथड, 'थकबाकी' आला तर तमुक, असा तक्ता ठेवायचा आणि तक्त्यात नसलेलं काहीही चालवायचं नाही. नाहीतर त्या कंपोनंटची प्रत्येक सार्वजनिक मेथड बाहेरच्यासाठी उघडी पडते.

आता मूळ चूक

हे सगळं मी नीट केलं होतं. # चिन्हं बरोबर, आर्ग्युमेंट्स निवडून दिलेली, मेथडचा तक्ता तयार. तरीही पावतीवर नाव दुसऱ्याचं. का?

पावती बनवणाऱ्या मेथडमध्ये तीन पायऱ्या होत्या. विद्यार्थी क्रमांक वापरून दुसऱ्या कॅश केलेल्या कंपोनंटकडून नाव-पत्ता आणायचा आणि 'विद्यार्थी' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. मग पैसे जमा झाले का हे बँकेच्या गेटवेला विचारायचं. याला दोनेक सेकंद जायचे. शेवटी 'विद्यार्थी'मधलं नाव आणि आर्ग्युमेंटमधून आलेली रक्कम घेऊन पावती तयार करायची.

पहिल्या पायरीत मी सीएफइन्व्होकला सांगितलं होतं, उत्तर 'विद्यार्थी'मध्ये ठेव. पण हे व्हेरिएबल या फंक्शनपुरतंच आहे, असं 'व्हार' लिहून सांगायला विसरलो होतो. कोल्डफ्यूजनमध्ये कंपोनंटच्या फंक्शनमध्ये असं उघडं नाव वापरलं की ते त्या ऑब्जेक्टच्या 'व्हेरिएबल्स स्कोप'मध्ये जातं. ऑब्जेक्ट दर वेळी नवा असता तर काहीच बिघडलं नसतं. पण माझा ऑब्जेक्ट कॅश केलेला, म्हणजे सगळ्यांचा एकच. म्हणजे 'विद्यार्थी'ही सगळ्यांचा एकच.

आता वेळापत्रक बघा.

पहिला क्षण: मुलीची रिक्वेस्ट आली. 'विद्यार्थी'मध्ये मुलीचं नाव गेलं. तिचा थ्रेड बँकेच्या उत्तराची वाट बघत थांबला.

एक सेकंदाने: मुलाची रिक्वेस्ट आली. त्याच 'विद्यार्थी'मध्ये मुलाचं नाव गेलं. मुलीचं पुसलं गेलं.

दोन सेकंदांनी: मुलीला बँकेचं उत्तर मिळालं. तिच्या थ्रेडने 'विद्यार्थी' उघडलं. आत मुलगा.

रक्कम मात्र बरोबर आली, कारण ती आर्ग्युमेंट्समध्ये होती, आणि प्रत्येक कॉलला स्वतःचा वेगळा आर्ग्युमेंट्स स्कोप मिळतो. वडिलांनी आणलेल्या त्या कागदावर खरं तर सगळं उत्तर लिहिलेलं होतं: आर्ग्युमेंटमधून आलेलं तेवढं बरोबर, मेथडच्या आत साठवलेलं तेवढं चूक. मला ते वाचायला दोन दिवस लागले.

माझ्या लॅपटॉपवर ही चूक कधीच दिसली नाही, कारण तिथे युजर मी एकटाच. गिरणीत रांगच नसेल तर बाजरी कुठून येणार?

हा 'व्हार' विसरणं सोपं का होतं, त्यालाही कारण आहे. कोल्डफ्यूजन 9 येईपर्यंत, म्हणजे 2009 पर्यंत, सगळे 'व्हार' फंक्शनच्या अगदी सुरुवातीला लिहावे लागत. वर यादी केली आणि खाली काम करता करता एक नवं व्हेरिएबल वाढलं की वर जाऊन ते लिहायचं राहून जाई. आवृत्ती 9 पासून 'व्हार' कुठेही लिहिता येतो आणि 'लोकल' नावाचा स्कोपही मिळाला. पण माझ्या हातातला कोड जुन्या वळणाचा होता, आणि मीही.

आधी केलेला चुकीचा उपाय

कारण कळल्यावर मी घाईत पूर्ण मेथडला 'सीएफलॉक' लावलं. म्हणजे एका वेळी एकच रिक्वेस्ट आत. नावांची अदलाबदल थांबली आणि मी खूश. फी भरायच्या शेवटच्या दिवशी मात्र प्रत्येक जण पुढच्याच्या बँकेच्या उत्तरासाठी थांबू लागला. दोन-दोन सेकंदांची रांग वाढत गेली, लॉकची मुदत संपून एरर येऊ लागल्या, आणि अकाउंट्समधून तिसरा फोन आला.

लॉकचं काम वेगळं आहे. जी गोष्ट खरोखर सगळ्यांची आहे आणि बदलायची आहे, उदाहरणार्थ कॅश पुन्हा भरणं, तिच्यासाठी लॉक. जी गोष्ट मुळात सामायिक असायलाच नको होती तिला लॉक लावणं म्हणजे एकाच ताटात सगळ्यांना पाळीपाळीने जेवायला बसवणं. ताटं वेगळी करा, प्रश्न मिटतो. खरा उपाय एका शब्दाचा होता: त्या मेथडमधल्या प्रत्येक व्हेरिएबलला 'व्हार' किंवा 'लोकल'. तो केला आणि लॉक काढून टाकलं.

'व्हार' लिहूनही डेटा मिसळतो, अशा दोन जागा

पहिली जागा: आधी ठेवायचं, मग बोलवायचं. काही जण कॅश केलेल्या ऑब्जेक्टवर आधी 'विद्यार्थीक्रमांक ठेव' अशी मेथड चालवतात आणि पुढच्या ओळीत 'पावती दे' म्हणतात. या दोन ओळींच्या मध्ये दुसऱ्याची रिक्वेस्ट घुसू शकते. बदलती माहिती कॉलच्या सोबतच गेली पाहिजे. डबा गिरणीवर ठेवून घरी जायचं आणि मग फोन करून "आता दळा" म्हणायचं, असं करू नका.

दुसरी जागा: आतलं स्ट्रक्चर तसंच बाहेर देणं. समजा कंपोनंटने फीचे दर एका स्ट्रक्चरमध्ये कॅश केलेत आणि मेथड तेच स्ट्रक्चर परत करते. कोल्डफ्यूजनमध्ये स्ट्रक्चरची नक्कल होत नाही, मूळ वस्तूचा पत्ताच दिला जातो. आता एखाद्या पानाने एका विद्यार्थ्याची सवलत त्यातून वजा केली, तर सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत सवलत सगळ्यांना लागू! बाहेर देताना 'डुप्लिकेट' फंक्शनने पूर्ण नक्कल करून द्या. ॲरेच्या बाबतीत आणखी लक्ष ठेवा: ॲडोबीच्या इंजिनमध्ये फंक्शनला ॲरे देताना मुळात नक्कल होते, ल्युसीमध्ये होत नाही. एका इंजिनवरून दुसऱ्यावर कोड नेताना हा फरक चावतो.

दुसऱ्या भाषांत काय?

नावं बदलतात, बाजरी तीच. जावाच्या स्प्रिंगमध्ये बीन मुळात सिंगलटन असते, म्हणजे सगळ्या रिक्वेस्टना एकच ऑब्जेक्ट. तिच्या फील्डमध्ये युजरचं नाव ठेवलंत की माझी पावती तुमच्याकडे तयार. सर्व्हलेटच्या फील्डचंही तसंच. नोडमध्ये मॉड्यूल एकदा लोड झालं की कॅश होतं, त्यामुळे त्याच्या वरच्या पातळीवरचं व्हेरिएबल सगळ्या रिक्वेस्टना एकच. पीएचपीत साधारणपणे प्रत्येक रिक्वेस्ट कोरी सुरू होते, म्हणून ही सवय लागत नाही. पण लाराव्हेल ऑक्टेनसारख्या गोष्टी वापरल्या की ॲप्लिकेशन मेमरीत टिकून राहतं आणि जुना निष्काळजीपणा वर येतो.

तपासायचं कसं?

1. संशय असलेल्या मेथडच्या मध्यभागी, म्हणजे माहिती आणल्यानंतर आणि वापरण्याआधी, 'स्लीप' फंक्शनने पाच सेकंद थांबा घाला. हे टेस्ट सर्व्हरवरच करा.

2. दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये दोन वेगळ्या विद्यार्थ्यांनी लॉगिन करा. पहिल्यात क्लिक करा, दोन सेकंदांनी दुसऱ्यात. पहिल्याच्या पानावर दुसऱ्याचं नाव आलं तर चोर सापडला.

3. मेथडमधलं प्रत्येक नाव बघा. नुसत्या असाइनमेंट बघून थांबू नका. क्वेरीचं नाव, लूपचा काउंटर, सीएफइन्व्होकचं परतीचं व्हेरिएबल, या सगळ्यांना 'व्हार' किंवा 'लोकल' लागतं. माझी चूक यातल्या शेवटच्या जागी लपली होती.

4. फायली शेकड्याने असतील तर 'व्हारस्कोपर' किंवा 'सीएफलिंट' चालवा. राहून गेलेले 'व्हार' ही साधनं दाखवतात.

5. ल्युसीवर असाल तर 'लोकल मोड' ही सेटिंग 'मॉडर्न' करता येते. मग फंक्शनमधलं उघडं नाव आपोआप लोकल धरलं जातं. पण जुना कोड मुद्दाम उघड्या नावांवर अवलंबून असेल तर तो मोडेल, म्हणून आधी तपासा.

थोडक्यात नियम असा: कॅश केलेल्या ऑब्जेक्टमध्ये फक्त सगळ्यांना सारखं असलेलं ठेवा. एका माणसाचं जे काही आहे ते आर्ग्युमेंटमधून आत येऊ द्या, लोकल व्हेरिएबलमध्ये राहू द्या आणि उत्तरातून बाहेर जाऊ द्या. मागे काही उरता कामा नये.

त्या वडिलांना मी नंतर फोन करून काय झालं होतं ते सांगितलं. थ्रेड आणि स्कोप त्यांना समजायची गरज नव्हती, म्हणून गिरणीचं उदाहरण दिलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे दळण आमचं होतं, पण गिरणी झाडली नव्हती." त्यांच्या मुलीचा नंबर कोणाच्या पावतीवर गेला, हे मात्र मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. चुकीची पावती स्क्रीनवर तयार होऊन निघून जायची, तिची नोंद आम्ही कुठेच ठेवत नव्हतो. तेव्हापासून कोणी "दुसऱ्याचं नाव दिसतंय" म्हणालं की मी ब्राउझरची कॅश क्लिअर करायला सांगत नाही. आधी माझी उघडून बघतो.